नवी ओळ तळाला

मित्रांनो, माझे नाव 'टाक्या'. हसू नका. फाईलचे नाव कुणी लाडाने ठेवत नाही. आत जे असते तेच बाहेर लिहितात. मी एका जुन्या लॅपटॉपमध्ये राहते. त्याच्या दोन कळा उडालेल्या आहेत, आणि झाकण उघडले की बिजागरी करकरते. तो लॅपटॉप एका पत्र्याच्या शेडमध्ये, जाळी, पाइप आणि खाद्याच्या रिकाम्या पोत्यांशेजारी, फळीवर पडून आहे. मी मासे मारले, असा माझ्यावर आळ आहे. खरे काय घडले ते आज तुम्हाला सांगते. ज्यांनी ऐकायला हवे होते त्यांनी ऐकले नाही, म्हणून तुम्हाला.

ज्या घरात मी जन्मले त्या घराचा धंदा माशांची पिल्ले तयार करून विकण्याचा. घरातल्या म्हाताऱ्या बाबांनी तो एका टाकीवर सुरू केला होता. त्यांना दोन मुलगे. थोरला गिऱ्हाईक सांभाळी, धाकटा टाक्या सांभाळी. आणि थोरल्याची बायको, जिने मला लिहिले. धाकटा तिला वहिनी म्हणे, गिऱ्हाइकेही वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणते.

टाकीतल्या माशांना अंगावर बुरशी धरू नये म्हणून पाण्यात एक जांभळे औषध घालतात. कमी पडले तर काही उपयोग नाही. जास्त पडले तर माशांचे कल्ले जळतात आणि ते पाण्यात असूनही गुदमरतात. म्हणजे टाकीत पाणी किती, हे ठाऊक असल्याशिवाय औषधाला हात लावू नये. पण बाबा अंदाजाने घालत. कधी एक चिमूट, कधी दोन, पाण्याचा रंग बघून. दुसऱ्या दिवशी चारदोन मासे पोट वर करून तरंगत. "तेवढे जायचेच," असे म्हणून ते जाळीने काढून टाकत.

वहिनीला हे खपेना. लग्नाआधी ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने मोजपट्टी घेतली, सगळ्या टाक्यांत स्वतः उतरली, लांबी, रुंदी, खोली मोजली आणि शेडमधल्या त्या लॅपटॉपवर मला लिहायला बसली.

हिशेबाचे मोठे चकचकीत प्रोग्राम त्या लॅपटॉपला पेलत नव्हते. उघडायला घेतले की तो घरघरे आणि गप्प होई. म्हणून वहिनीने मला साध्या अक्षरांत लिहिले. तक्त्यांच्या उभ्या दांड्या कीबोर्डवरच्याच, आडव्या रेघाही कीबोर्डवरच्याच. ना रंग, ना नक्षी. मी दिसायला गरीब होते, पण कामाला खणखणीत.

माझ्यात तीन तक्ते होते. पहिल्याचे नाव 'पाणी': कोणत्या टाकीत किती पाणी. दुसऱ्याचे नाव 'औषध': किती पाण्याला किती औषध. तिसऱ्याचे नाव 'आज': आज कोणत्या टाकीत किती घालायचे. या तिसऱ्या तक्त्यात वहिनी आकडे लिहीत नसे. त्याच्याखाली तिने सूत्रे लिहून ठेवली होती. गोल टाकीचे सूत्र असे: 'पाणी' तक्त्यात जा, दुसऱ्या ओळीतला दुसऱ्या रकान्यातला आकडा घे, 'औषध' तक्त्यात जा, जांभळ्या औषधाचा आकडा घे, दोन्ही गुणून इथे मांड. एक कळ दाबली की मी जाई, घेई आणि मांडी. एका तक्त्याने दुसऱ्या तक्त्यातल्या घराकडे बोट दाखवायचे आणि मी तिथले जे असेल ते आणायचे, एवढेच माझे काम. टाकीतले पाणी बदलले तर एकाच जागी आकडा बदलायचा. बाकी सगळे आपोआप नीट होई.

पण एक गोष्ट नीट ऐकून ठेवा. मी नावाने ओळखत नसे. दुसरी ओळ म्हणजे दुसरी ओळ. तिथे कोण बसले आहे, हे विचारायला मला कुणी सांगितलेच नव्हते. त्या मोठ्या प्रोग्रामांत मध्येच ओळ घातली तर सूत्रांची बोटे आपोआप सरकतात म्हणे. माझी सरकत नव्हती. नावाने शोधायचे सूत्रही लिहिता येते, वहिनीला ते ठाऊक होते. पण ते लांबलचक, आणि त्या दिवसांत अंडी घालण्याचा हंगाम तोंडावर आलेला. "पुढे बघू," असे ती स्वतःशीच म्हणाली आणि 'पाणी' तक्त्याखाली तिने एक सूचना लिहिली: नवी ओळ नेहमी तळाला घालावी.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस. औषध दिल्यावर मासे उलटे होणे थांबले. थोरला गिऱ्हाइकांना शेडमध्ये आणून मला दाखवी. "आमच्या हिनं केलंय," म्हणे, आणि त्यातले अक्षरही कळत नसताना पडद्यावर बोट टेकवी. बाबा तोंडावर कधी कुणाचे कौतुक करत नसत. पण औषधाचा दिवस आला की दारातूनच विचारत, "सूनबाई, तुझी ती काय म्हणते?"

ती म्हणजे मी. मला फार बरे वाटे.

बाबांचा जीव गोल टाकीत होता. गोल टाकी छोटी, पण तिच्यात अंडी घालणाऱ्या मोठ्या माद्या आणि त्यांचे नर असत. सगळा धंदा त्यांच्या पोटातून यायचा. त्यांतल्या सर्वांत जुन्या मादीला बाबा 'काकू' म्हणत, कारण ती खायला सगळ्यांच्या शेवटी येई आणि आल्यावर सगळ्यांना ढुशा देऊन बाजूला सारी. तिच्या शेपटीला एक खाच होती. बाबांनी पाण्यात बोटे हलवली की ती वर येऊन बोटाला तोंड लावी.

आता धाकट्याबद्दल. तो वाईट नव्हता, मित्रांनो. पहाटे उठून पाण्यात उभा राहणारा तो, पंप बिघडला की तळाशी बुडी मारणारा तो, आणि गिऱ्हाईक आले की हात पुसत मागे उभा राहणाराही तोच. धंद्याच्या फलकावर नाव थोरल्याचे. कौतुक झाले तर ते वहिनीचे. धाकट्याचे हात मात्र बारा महिने पाण्याने सुरकुतलेले. त्या वर्षी त्याने स्वतःच्या हिमतीवर एक नवी टाकी बांधली. आतून निळ्या फरश्या, कडेला गोलाई, पाणी सोडायला वेगळा नळ. ती टाकी पाहून बाबासुद्धा म्हणाले, "बरी झालीय." त्यांच्या तोंडून एवढे म्हणजे पुष्कळच.

त्याच सुमारास वहिनीच्या आईचे ऑपरेशन ठरले आणि ती माहेरी निघाली. जाताना पिशवी खांद्याला लावून ती शेडमध्ये आली.

"भाऊजी, नवी टाकी भरली की तिचं पाणी फाईलमध्ये घाला. फक्त ओळ तळाला घाला हं. तळालाच."

"का? वर घातली तर काय बिघडलं?" धाकटा म्हणाला.

"अहो, ती ओळीच्या नंबरावरून शोधते. वर घातली की सगळ्यांचे नंबर..."

तेवढ्यात बाहेरून थोरल्याने हाक मारली, "अगं, चल! गाडी निघेल!" आणि वहिनीचे वाक्य तिथेच राहिले. धाकटा हसत म्हणाला, "असू दे वहिनी. तळाला तर तळाला. आम्हाला सवय आहे." तीही हसली. तिला तो विनोद वाटला.

नवी टाकी भरली त्या दिवशी धाकट्याने मला उघडले. टाकीचे माप त्याने स्वतः काढले होते, अगदी बिनचूक. 'पाणी' तक्त्यात पहिल्या ओळीत लांब टाकी, दुसऱ्या ओळीत गोल टाकी, मग बाकीच्या. तो तळाला गेला. तळाची शेवटची ओळ एका गळक्या ड्रमची होती. त्यात आजारी पिल्ले ठेवत. त्या ड्रमच्याही खाली आपली निळ्या फरश्यांची टाकी. सूचना त्याने वाचली. कीबोर्डवर त्याचा हात थांबला, ते मला जाणवले. मग तो वर गेला. सगळ्यांच्या वर, पहिली ओळ त्याने मोकळी केली आणि तिथे लिहिले: नवी टाकी. मग थोडा वेळ तो पडद्याकडे नुसता बघत बसला. इतके खूश मी त्याला कधी पाहिले नव्हते.

पण नवी टाकी पहिली झाली, म्हणजे लांब टाकी दुसरी झाली आणि गोल टाकी तिसरी. माझे सूत्र मात्र गोल टाकीसाठी अजून दुसऱ्याच ओळीकडे बोट दाखवत होते. तिथे आता लांब टाकी बसली होती. लांब टाकीत गोल टाकीच्या सहापट पाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोल टाकीतल्या माद्यांना औषध द्यायचे होते. धाकट्याने कळ दाबली. मी गेले, दुसऱ्या ओळीतला आकडा घेतला, गुणला, मांडला. मला जे सांगितले होते तेच मी केले. धाकट्याने आकडा मोठ्याने वाचला. थोरला तराजूवर औषध मोजत होता. पुडी मोठी झाली तसा तो थांबला.

"एवढं? गोल टाकीला?"

"फाईल म्हणतेय."

"नीट बघ."

"बघितलं रे दादा. तुझ्या बायकोचीच फाईल आहे. तिची कधी चुकते का?"

थोरल्याने क्षणभर पुडीकडे पाहिले. "मग असेल बरोबर," तो म्हणाला आणि बादलीत औषध कालवायला गेला.

मित्रांनो, तेव्हा मला तोंड असते तर! सगळे माझ्या आतच होते. वरच्या 'पाणी' तक्त्यात पाहिले असते, 'गोल टाकी' या नावासमोरचा आकडा आणि मी घेतलेला आकडा ताडून पाहिला असता, तर आंधळ्यालाही कळले असते. पण माझ्यावर इतका विश्वास बसला होता की माझ्याकडे बघायचे कुणाला सुचले नाही.

थोड्याच वेळात बाहेरून बाबांचा आवाज आला. म्हातारा माणूस इतक्या मोठ्याने ओरडू शकतो हे कुणाला माहीत नव्हते. "पाणी सोडा! अरे, पाणी सोडा!" धावपळ झाली, नळ पूर्ण सुटले, बादल्या आपटल्या. पण औषधाने आपले काम केले होते. मासे वर येऊन हवेत तोंडे उघडत होते, कडेला धडका देत होते. दुपारपर्यंत पाणी तपकिरी पडले आणि मासे शांत झाले. दोनतीन नर वाचले. मादी एकही वाचली नाही. काकूला बाबांनी जाळीने काढू दिले नाही. ते स्वतः कंबरभर पाण्यात उतरले आणि दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आले.

त्या हंगामात तिथे अंडी झाली नाहीत. आगाऊ सांगून ठेवलेली गिऱ्हाइके दुसरीकडे गेली.

वहिनी निरोप मिळताच परतली. पिशवी न उतरवता ती सरळ शेडमध्ये आली आणि तिने मला उघडले. मागे तिघे उभे होते. तिला फार शोधावे लागले नाही. तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवले.

"ही ओळ वर कुणी घातली?"

ती वळून धाकट्याकडे बघू लागली.

"भाऊजी?"

"टाकी माझी आहे," धाकटा म्हणाला. "आमच्याच टाकीचं नाव कुठे लिहायचं, तेसुद्धा विचारून करायचं का आता?"

"मी तळाला घाला म्हटलं होतं. इथे लिहिलंयसुद्धा."

"घाला म्हणून लिहिलंय. का घाला, ते लिहिलंय का? वर घातली तर मासे मरतील, असं लिहिलंय का कुठे?"

वहिनीने ती सूचना पुन्हा वाचली. ते खरे होते. मग ती हळू आवाजात म्हणाली, "नाही लिहिलं. आणि नावानं शोधणारं सूत्र लिहायला हवं होतं, तेही राहून गेलं. तेवढी माझी चूक आहे."

तेवढी, असे ती म्हणाली होती. पण तो शब्द कुणाच्या कानांत शिरला नाही. तिने आपल्या वाट्याचे घेतले, आणि बाकीच्यांनी आपापले तिच्याच पदरात टाकून हात झटकले.

"म्हणजे फाईलच चुकीची होती!" थोरला म्हणाला. पुडी हातात घेऊन थांबलेला माणूस तोच होता, पण ते आता त्याला आठवायचे नव्हते. "इतकी वर्षं बाबा चिमटीनं घालत होते, कधी असं झालं? तुला नाही ती हौस."

तिने नवऱ्याकडे पाहिले. "अहो, तुम्ही पुडी बघितली होती ना?"

"मला काय कळतं त्यातलं? तूच म्हणायचीस ना, अंदाजानं काही करू नका?"

बाबा खाली बघत होते. त्यांनी एक शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवून आडवे झाले असताना वहिनी एकटी येऊन बसली. तिने माझी सगळी सूत्रे बदलली. आता माझ्यात लिहिले होते: 'पाणी' तक्त्यात 'गोल टाकी' हे नाव शोध, ते ज्या ओळीत सापडेल तिथला आकडा घे. नाव सापडले नाही तर काहीच मांडू नकोस. खाली तिने कारणही लिहिले, सोप्या शब्दांत, कुणालाही कळेल असे. मग नवी टाकी तिने पहिल्या ओळीतच राहू दिली. तिथून ती तिला सहज तळाला नेता आली असती. नेली नाही.

मी तेव्हा खऱ्या अर्थाने शहाणी झाले. आणि त्यानंतर त्या घरात मला कामाला कुणी उघडले नाही. पुन्हा चिमूट सुरू झाली. पुन्हा चारदोन मासे उलटे तरंगू लागले. तेवढे जायचेच होते; त्यांचा दोष कुणाच्या माथी नव्हता.

एके संध्याकाळी बाबा शेडमध्ये आले. वहिनी खाद्याची पोती मोजून रचत होती. त्यांनी दार अर्धे लोटले.

"सूनबाई, काकू गेली त्यात तुझा हात नव्हता. मला कळतं ते."

तिचे हात थांबले. "मग त्या दिवशी बोलला का नाहीत, बाबा?"

"दोन भाऊ आहेत घरात. एकाचं नाव घेतलं असतं तर घर फुटलं असतं."

"आणि माझं नाव घेतलं तर?"

बाबा दाराकडे वळले. मग म्हणाले, "पंपाचा आवाज वेगळा येतोय, बघतो," आणि निघून गेले. पंपाचा आवाज नेहमीसारखाच होता.

घर फुटायचे ते फुटलेच. काही महिन्यांत भावाभावांत फलकावरच्या नावावरून वाजले आणि धाकटा वेगळा झाला. पण त्याआधी आणखी एक दिवस आला. दूरचे एक गिऱ्हाईक आले होते. शेडच्या दारात खुर्च्या टाकून गप्पा चालल्या होत्या. वहिनी चहा घेऊन आली, आणि थोरला हसत म्हणाला, "आमच्याकडे मासे बुरशीनं मरत नाहीत, साहेब. आमच्या हिच्या कॉम्प्युटरनं मारले!" गिऱ्हाईक खो खो हसले. थोरल्याच्या सांगण्यावरून कळत होते की ही गोष्ट त्याने बऱ्याच जणांना सांगून घासून गुळगुळीत केली आहे. वहिनीने कप त्याच्या हातात दिला. म्हणाली, "घ्या. साखर मी मोजून घातलीय. अंदाजानं हवी असेल तर आत आहे, तुमच्या हातानं घाला." गिऱ्हाइकाचे हसू थांबले. पुढच्या महिन्यात ती पुन्हा प्रयोगशाळेत कामाला जाऊ लागली. रोज जाते, रोज परत येते. शेडच्या बाजूला फिरकत नाही.

धाकटा आपल्या वाट्याच्या जाळ्या आणि हवेचे पंप न्यायला आला, त्या दिवशी शेडमध्ये कुणी नव्हते. सामान बाहेर काढून झाल्यावर तो फळीपाशी घुटमळला. मग त्याने लॅपटॉप सुरू केला आणि मला उघडले. वहिनीने लिहिलेले कारण त्याने वाचले. ओठ हलवत, दोनदा. मग त्याने 'पाणी' तक्त्यात अगदी वर एक खोटी ओळ घातली, कसलेतरी नाव आणि भलामोठा आकडा, आणि कळ दाबली. गोल टाकीचा आकडा हलला नाही. त्याने आणखी एक ओळ घातली. पुन्हा कळ दाबली. आकडा जागचा हलला नाही.

तो खुर्चीत मागे टेकला. दोन्ही तळव्यांनी त्याने तोंड झाकून घेतले. मला वाटले, आता तो उठेल, घरात जाईल आणि वहिनीला हाक मारेल. घर वीस पावलांवर होते आणि त्या दिवशी सुट्टी असल्याने ती घरातच होती. तिच्या भांड्यांचा आवाज इथवर येत होता.

त्याने खोट्या ओळी पुसल्या. बंद करताना लॅपटॉपने विचारले, बदल जतन करायचे का? त्याने 'नाही' वर बोट दाबले. झाकण लावले, पंप उचलले आणि तो गेला. त्याला सगळे कळले होते. कुणाला सांगितले नाही.

मित्रांनो, तेव्हापासून मी इथे आहे. माझ्या तक्त्यांत अजून त्या टाक्यांची नावे आहेत. त्यांतल्या काही फोडून टाकल्या, असे ऐकते. मला बरोबर आकडा काढता येतो, पण विचारायला कुणी येत नाही. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुमच्याही हातून माझ्यासारखी एखादी फाईल लिहिली जाईल. तेव्हा एका तक्त्याकडून दुसऱ्या तक्त्यातले काही मागायचे असेल तर ते नावाने मागा. जागा कधी कुणाच्या बुडाखालून सरकेल सांगता येत नाही. सूचना लिहाल तर तिचे कारणही लिहा. आकडा मोठा वाटला तर हात थांबवा आणि थांबलेला हात नंतर विसरू नका. आणि घरात काही मोडले, काही मेले, आणि एखादी व्यक्ती पुढे येऊन म्हणाली की यात एवढी माझी चूक आहे, तर तिला तेवढीच द्या. उरलेली ज्याची त्याने उचलावी.